विजयदुर्ग: तिथी पाहून आखावयाची दोन दिवसांची भेट
कोल्हापूरहून जाणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

कोल्हापूरहून घाट उतरून समुद्राकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या मालवण-तारकर्लीकडे वळतात, आणि विजयदुर्ग हा जाता-येता तासाभरात पाहून घेण्याचा किल्ला ठरतो. भर दुपारी पोहोचायचे, महादरवाज्यात छायाचित्र काढायचे, तटावरून एक फेरी मारायची आणि निघायचे, असा बहुतेकांचा क्रम असतो. अशा भेटीत किल्ल्याच्या भिंती दिसतात. परंतु या जागी किल्ला का बांधला गेला आणि तो इतकी शतके का टिकला, हे कळत नाही. वाघोटण खाडी जेथे समुद्राला मिळते तेथे पुढे आलेल्या खडकाळ टोकावर तो उभा आहे, त्याच्या तीन बाजूंना पाणी आहे आणि चौथ्या, जमिनीकडील बाजूला पूर्वी खंदक होता. त्यामुळे त्याचे रूप दर सहा तासांनी बदलते. भरतीला लाटा तटाच्या पायाशी आदळतात, तर ओहोटीला तोच पाया खडकांसह उघडा पडतो. ही दोन्ही रूपे पाहिल्याशिवाय विजयदुर्ग पाहिला असे म्हणता येत नाही, आणि दोन्ही उजेडात पाहायची असतील तर भेटीचा दिवस सुट्टीवरून नव्हे, तर तिथीवरून निवडावा लागतो. पुढील सर्व मांडणी या एका गोष्टीभोवती केली आहे.

कोल्हापूरकरांनी हा किल्ला सवडीने पाहावा, याला आणखी एक कारण आहे. परंपरेनुसार त्याची उभारणी शिलाहार राजा दुसरा भोज याने ११९३ ते १२०५ या काळात केली, आणि हा भोज पन्हाळ्यावरून राज्य करीत असे. म्हणजे पन्हाळ्याच्या राजाला समुद्रावर जागता पहारा हवा होता आणि तो त्याने येथे बसवला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले, त्यांत पन्हाळा आणि विजयदुर्ग हे दोन्ही आहेत. घाटमाथ्यावरचा एक आणि समुद्रकाठचा एक, असे हे दोन्ही किल्ले एकाच मुलखाच्या व्यवस्थेचे भाग होते, हे घाट स्वतः उतरल्यावर सहज उमगते.

पहिले काम: दिवस निवडणे

कोकण किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण बारा तास पंचवीस मिनिटे जातात, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरील मच्छीमार यासाठी एक साधा हिशेब वापरत आले आहेत: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ तासांत मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ वाजता. शुक्ल आणि कृष्ण या दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागू पडतो. भरतीच्या वेळेत साधारण सहा तास मिळवले किंवा वजा केले की ओहोटीची वेळ कळते. हा अंदाज अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो, म्हणून दिवस नक्की केल्यावर देवगड किंवा रत्नागिरी बंदराचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक इंटरनेटवर पाहून खात्री करून घ्यावी. मात्र कॅलेंडर हाती घेऊन महिनाभर आधी बेत आखण्यासाठी पाऊणपटीचा हिशेब पुरेसा आहे.

या हिशेबाने पाहता पौर्णिमेनंतरच्या किंवा अमावास्येनंतरच्या द्वितीया, तृतीया आणि चतुर्थी या तीन तिथी आपल्या कामासाठी सर्वांत सोयीच्या ठरतात. द्वितीयेला दुपारी दीडच्या सुमारास भरती असते आणि दुसऱ्या दिवशी, तृतीयेला, सकाळी सव्वाआठच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते. पहिल्या दिवशी दुपारी किल्ल्यावर चढताना समुद्र तटाला भिडलेला मिळतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच समुद्र मागे हटलेला दिसतो. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असल्यामुळे पाणी वर जास्त चढते आणि खालीही जास्त उतरते. याउलट अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात, तेव्हा दोहोंतील फरक थोडा राहतो. भांगाच्या दिवशी गेल्यास किल्ला दिसेल, पण खडकांवरचे जीवन आणि खाडीकाठची गोदी ही अर्धीमुर्धीच दिसतील. शनिवार-रविवारी या तिथी जमून येत नसतील, तर एखादा पंधरवडा थांबणे अधिक चांगले.

महिन्याविषयी सांगायचे तर ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. हवा कोरडी असते, समुद्र शांत असतो आणि हिवाळी पक्षी किनाऱ्यावर आलेले असतात. एप्रिल-मे मध्ये देवगड हापूसचा हंगाम असतो, परंतु जांभ्याच्या कातळावर दुपारी थांबवत नाही. अशा वेळी सकाळी दहाच्या आत आणि चारनंतरच बाहेर पडावे. पावसाळ्यात १ जूनपासून मासेमारी बंद असते, होड्या काठावर ओढून ठेवलेल्या असतात आणि तटावरचे दगड शेवाळाने निसरडे झालेले असतात. सड्यांवरची, म्हणजे जांभ्याच्या पठारांवरची, रानफुले पाहायची असतील तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा काळ निवडावा, पण त्या भेटीत पाण्याजवळ उतरण्याचा विचार करू नये.

मार्ग

सरळ मार्ग फुलेवाडी, बालिंगा, कळे, साळवण, असळज, गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, तळेरे आणि तेथून वाघोटण, पडेल मार्गे विजयदुर्ग असा आहे. अंतर सुमारे १४० ते १५० किलोमीटर भरते. घाट, वळणे आणि तळेऱ्यानंतरचा अरुंद रस्ता लक्षात घेऊन थांब्यांसह पाच तास धरावेत. पहाटे साडेपाचला निघाल्यास अकराच्या आत पोहोचता येते.

या रस्त्याच्या दोन गोष्टी ऋतूप्रमाणे लक्षात ठेवाव्या लागतात. नोव्हेंबर ते मार्च या गळीत हंगामात कळ्यापासून असळजपर्यंत उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात. अंधारात त्या मागून नीट दिसत नाहीत, म्हणून पहाटेच्या पट्ट्यात वेग आवरावा. जुलै-ऑगस्टमध्ये पुराचे पाणी मांडुकलीच्या परिसरात रस्त्यावर येते आणि करूळ घाटात दरडी कोसळतात. घाट दुरुस्तीसाठी किंवा दरडीमुळे बंद असल्याचे आदल्या दिवशी कळले, तर गगनबावड्याहून भुईबावडा घाटाने खारेपाटणकडे उतरता येते. तोही बंद असल्यास राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट हा तिसरा मार्ग उरतो.

गगनबावड्याला चहासाठी थांबणे होतेच. धुके नसेल तर तेथून खाली कोकणाचा उतार दिसतो आणि आपण कोणत्या कड्यावरून उतरणार आहोत याची कल्पना येते. वेळ असल्यास गगनगडावर जाऊन यावे. खारेपाटणच्या बाजूने उतरणाऱ्यांनी तेथे थोडे थांबावे, कारण विजयदुर्गजवळ समुद्राला मिळणारी खाडी आत या गावापर्यंत येते. येथे सापडलेला शिलाहार रट्टराजाचा ताम्रपट शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८ चा आहे. विजयदुर्गाच्या दोनशे वर्षे आधी हा खाडीमार्ग राबता होता, याची ती लेखी साक्ष आहे.

एसटीने जाणाऱ्यांनी मध्यवर्ती बसस्थानकात थेट गाडीची चौकशी करावी. ती सोयीच्या वेळेची नसेल तर तळेऱ्यापर्यंत जाऊन तेथून विजयदुर्गची गाडी पकडावी. ही पद्धत वेळखाऊ आहे, तेव्हा भरती-ओहोटीचे गणित साधायचे असल्यास स्वतःचे वाहन किंवा चार जणांत एक भाड्याची गाडी बरी. इंधन महामार्ग सोडण्यापूर्वी भरून घ्यावे आणि थोडी रोख रक्कम जवळ ठेवावी.

मुक्काम आणि सामान

किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या विजयदुर्ग गावात घरगुती निवास आणि खानावळी आहेत. मुक्काम गावातच करावा, देवगडला नको. कारण सकाळच्या ओहोटीला पायी पोहोचता आले पाहिजे. जेवणाची वर्दी सकाळीच फोनवरून द्यावी, म्हणजे त्या दिवशी जेट्टीवर आलेली मासळी आपल्या ताटात येते. शाकाहारी मंडळींनी आपली पसंती आधी सांगितल्यास घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ आणि सोलकढी मिळते. ताट पांढऱ्या-तांबड्या रश्श्याच्या बेताचे नसते, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये.

सामानात पकड घट्ट असलेले बंद बूट सर्वांत महत्त्वाचे. जांभा खडबडीत असला तरी ओला आणि शेवाळलेला झाला की पाय हमखास घसरतो. शिवाय देवगड तालुक्याच्या कातळांवर फुरसे हा विषारी साप मोठ्या प्रमाणात आढळतो, तो दगडांच्या फटींत असतो आणि पटकन दिसत नाही. म्हणून चपला घालून गवतात शिरू नये आणि तटाच्या फटींत हात घालू नये. टोपी, प्रत्येकी दोन लिटर पाणी, टॉर्च आणि असल्यास दुर्बीण एवढे पुरे. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, त्यामुळे ड्रोन उडवण्यासाठी पूर्वपरवानगी लागते आणि सूर्यास्तानंतर आत थांबता येत नाही.

पहिला दिवस: दुपारपासून सूर्यास्तापर्यंत किल्ला

जेवून थोडी विश्रांती घ्यावी आणि तीनच्या सुमारास किल्ल्यात शिरावे. वाटाड्या मिळाल्यास जरूर घ्यावा, परंतु त्याला घाई नको असे आधीच सांगावे. सबंध किल्ल्याला तीन तास लागतात.

प्रवेशाच्या वाटेवरच किल्ल्याची पहिली युक्ती दिसते. मुख्य दरवाजा समोरून दिसत नाही. त्याच्यापुढे ‘जिभी’ नावाची वळती तटबंदी आहे आणि तिच्यातून वळल्यावरच महादरवाजा समोर येतो. हत्तीला धाव घेण्यास जागा मिळू नये आणि तोफेचा गोळा दरवाज्यावर सरळ येऊ नये, हा यामागचा हेतू. येथे उभे राहून मागे वळून पाहावे. आलेल्यांपैकी प्रत्येक जण वरच्या तटांवरून किती काळ माऱ्यात असे, हे तेव्हा लक्षात येते.

आत गेल्यावर डावी-उजवी करण्याआधी बांधणीचा एकूण आराखडा समजून घ्यावा. किल्ल्याला एकामागे एक अशा तीन तटबंद्या आहेत आणि सत्तावीस बुरूज आहेत. शिलाहारकालीन मूळ किल्ला बराच लहान होता. १६५३ मध्ये शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला आणि त्या वर्षीच्या विजय संवत्सरावरून त्याला विजयदुर्ग हे नाव दिले, असे परंपरा सांगते. त्याआधी शेजारच्या गिर्ये गावावरून त्याला घेरिया म्हणत. महाराजांच्या काळात त्याचा विस्तार सतरा एकरांपर्यंत झाला आणि बाहेरच्या तटबंद्या उभ्या राहिल्या. म्हणून तटावर चढण्यापूर्वी दोन तटांमधील मोकळ्या पट्ट्यातून थोडे अंतर चालावे. बाहेरचा तट पडला तरी आत आलेला शत्रू या अरुंद पट्ट्यात दोन्ही बाजूंनी अडकत असे, ही गोष्ट कागदावर वाचण्यापेक्षा तेथे चालून चटकन कळते.

यानंतर मधल्या भागातील इमारती पाहाव्यात: सदर, खलबतखाना, दारूकोठार, धान्यकोठारे, पाण्याचे तळे आणि भवानीचे मंदिर. बहुतेक वास्तूंची छपरे गेली आहेत, भिंती उभ्या आहेत. खलबतखान्यापाशी रेंगाळावे, कारण आरमाराच्या मोहिमांचे निर्णय जेथे होत ती ही जागा. कान्होजी आंग्रे, त्यांचे पुत्र संभाजी आणि तुळाजी, आणि पुढे पेशव्यांचे आरमार सांभाळणारे आनंदराव धुळप या सर्वांचे हे ठाणे होते. इंग्रजांनी १७१७ आणि १७२० मध्ये, तर डचांनी १७२४ मध्ये समुद्रातून केलेले हल्ले येथून परतवले गेले.

चारच्या सुमारास पश्चिमेकडील तटावर यावे आणि बुरुजांवरून दक्षिणोत्तर चालत राहावे. भरती अजून पुरती ओसरलेली नसते. लाटांचा आवाज तटाच्या पायातून वर येतो आणि या बाजूने जहाज लावणे किती अवघड होते हे दिसते. किल्ल्याच्या या बाजूस समुद्राखाली बांधीव भिंत असल्याचे पाणबुड्यांच्या पाहणीतून सांगितले जाते. तिची लांबी सुमारे १२२ मीटर, रुंदी सात मीटर आणि उंची तीन मीटर अशी दिली जाते. शत्रूची खोल तळाची जहाजे तिच्यावर आपटून फुटत, तर मराठ्यांच्या उथळ तळाच्या नौका वरून निघून जात, असे या भिंतीविषयी मानले जाते. ही भिंत तटावरून दिसत नाही आणि कोणी बोटाने जागा दाखवली तरी तेथे लाटाच असतात. उथळ तळाच्या नौकांचा मुद्दा मात्र निःसंशय खरा आहे. खाडीत आत शिरलेले मराठी आरमार बाहेरच्या समुद्रातून दिसत नसे आणि परकीयांच्या मोठ्या जहाजांना त्या उथळ पाण्यात पाठलाग करता येत नसे. येथील संरक्षणात तटबंदीइतकाच वाटा खाडीचा होता.

आता उत्तरेकडे, खाडीच्या मुखावर नजर टाकणाऱ्या बाजूला यावे. १७५६ च्या फेब्रुवारीत जे घडले ते याच पाण्यात. अॅडमिरल वॉटसनचे आरमार आणि रॉबर्ट क्लाइव्हचे सैन्य मुंबईहून आले, आणि जमिनीकडून पेशव्यांची फौज तुळाजी आंग्र्यांविरुद्ध उभी राहिली. १२ फेब्रुवारीच्या माऱ्यात आंग्र्यांच्या ताफ्यातील ‘रिस्टोरेशन’ या जहाजाने पेट घेतला. हे जहाज आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच हस्तगत केले होते. त्याची आग जवळजवळ नांगरलेल्या इतर नौकांवर पसरली आणि सबंध आरमार जळाले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. त्याच वर्षी बाणकोटच्या मोबदल्यात इंग्रजांनी विजयदुर्ग पेशव्यांना दिला आणि १८१८ पर्यंत तो मराठ्यांकडे राहिला. मराठी सत्तेने इंग्रजांच्या साहाय्याने स्वतःचेच सर्वांत बळकट आरमार संपवले, ही गोष्ट या तटावर उभे राहिल्यावर मनाला फार लागते. धुळपांच्या काळात, १७८३ मध्ये, येथील आरमाराने ‘रेंजर’ हे इंग्रजी जहाज पकडले खरे, पण आंग्र्यांच्या काळातील दरारा पुन्हा उभा राहिला नाही.

सूर्यास्तापूर्वी ‘साहेबाचे ओटे’, म्हणजे सूर्यग्रहण पाहण्यासाठी दुर्बिणी मांडल्या गेल्या ते चौथरे, पाहावेत. ‘हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला’ असे येथे हमखास ऐकायला मिळते आणि १८ ऑगस्ट हा हेलियम दिन म्हणून साजराही होतो. यातील वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे निरीक्षण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूर येथून केले, आणि नॉर्मन लॉकयर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच सूर्याच्या वर्णपटातील त्या पिवळ्या रेषेचा अभ्यास केला. लॉकयर विजयदुर्गला आले ते त्यानंतर तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ज्याचे नाव हेलियमशी कायमचे जोडले गेले तो शास्त्रज्ञ दुर्बिणी आणि वर्णपटमापक घेऊन या किल्ल्यावर मुक्कामाला आला होता, ही खरी हकीकत पुरेशी मोलाची आहे. मुलांना ती तारखांसह सांगावी.

सूर्य बुडाल्यावर लगेच उतरावे. पायऱ्या उंच-सखल आहेत आणि फुरशाचा वावर रात्री वाढतो.

दुसरा दिवस: सकाळची ओहोटी

उजाडताच जेट्टीवर जावे. पहाटेच्या उन्हात किल्ल्याची बंदराकडील बाजू उजळते आणि छायाचित्रांसाठी ही सर्वांत चांगली वेळ असते. होड्या परतत असतात, मासळीची विभागणी चालू असते. तेथे काम करणाऱ्यांच्या वाटेत उभे राहू नये आणि विचारल्याशिवाय कोणाचे छायाचित्र काढू नये. समुद्र शांत असेल तर होडीने किल्ल्याला पाण्यातून फेरी मारण्याविषयी येथेच विचारणा करावी. अंगावर जीवरक्षक जॅकेट असल्याशिवाय होडीत बसू नये.

हिवाळ्यातील सकाळी खाडीच्या मुखाशी डॉल्फिन दिसण्याची शक्यता चांगली असते. या किनाऱ्याजवळ आढळणारा डॉल्फिन पाठीवर उंचवटा असलेल्या जातीचा, म्हणजे हम्पबॅक डॉल्फिन आहे. तो किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात आणि खाड्यांच्या तोंडाशी मासे धरतो. तो हवेत उड्या मारील अशी वाट पाहू नये. करडी पाठ वर येते, क्षणभर दिसते आणि बुडते. यासाठी दुर्बीण घेऊन एकाच जागी अर्धा तास शांत बसणे, हा होडीने मागे धावण्यापेक्षा चांगला उपाय आहे. होडी घेतलीच तर तांडेलाला इंजिन मंद ठेवण्यास सांगावे आणि डॉल्फिनांच्या मार्गात आडवे जाऊ नये.

आठच्या सुमारास ओहोटी पूर्ण होत आली की किल्ल्यालगतच्या खडकांकडे वळावे. जितके खाली पाणी उतरते तितक्या नव्या पट्ट्या उघड्या पडतात. वरच्या कोरड्या पट्टीत बारीक गोगलगायी, मधल्या पट्टीत खडकाला घट्ट चिकटलेली कालवे, आणि खाली साचलेल्या डबक्यांत खेकडे, लहान मासे, समुद्रफुले. डबक्यात हात घालू नये, दगड उलटवला तर तो पुन्हा तसाच ठेवावा आणि जिवंत शंख-शिंपले गोळा करू नयेत. वाळूवर किंवा जाळ्याजवळ पडलेला साप मेलेला वाटला तरी त्याला हात लावू नये. समुद्रसाप अत्यंत विषारी असतात. नऊ वाजले, की पाण्याकडे पाठ न करता वर यायला सुरुवात करावी. ओहोटी संपल्यावर पाणी आधी हळूहळू आणि नंतर झपाट्याने चढते, आणि परतीची वाट बहुधा आपण उभे असलेल्या जागेपेक्षा आधी बुडते.

आकाशाकडे लक्ष असू द्यावे. तांबूस पाठीची ब्राह्मणी घार जेट्टीवर सतत घिरट्या घालते. तिच्याहून बरीच मोठी, खालून पांढरीशुभ्र आणि पंखांच्या कडा काळ्या अशी जी दिसते ती पांढऱ्या पोटाची सागरी गरुडाची जात. किनाऱ्यावरील उंच झाडांवर तिची काटक्यांची अवाढव्य घरटी असतात. हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे आणि ओल्या वाळूवर तुरुतुरु धावणारे चिखले व तुतवार भेटतात.

यानंतर गोदी. किल्ल्यापासून काही अंतरावर, वाघोटण खाडीच्या काठी, आंग्र्यांच्या काळात खडक कोरून जहाजे बांधण्यासाठी आणि दुरुस्त करण्यासाठी ती तयार केली गेली. शंभर मीटरांहून अधिक लांबीची ही जागा भरतीला पाण्याने भरत असे. जहाज आत घ्यायचे, मुख बंद करायचे आणि ओहोटीबरोबर पाणी उतरले की जहाजाचा तळ कामासाठी मोकळा होई. म्हणजे येथे भरती-ओहोटी हेच यंत्र होते, आणि म्हणून गोदी पाहायची ती पाणी उतरलेले असतानाच. आज तिच्यात गाळ भरला आहे, वाट स्थानिकांना विचारावी लागते आणि माहितीचा ठळक फलक असायला हवा तसा नाही. तरीही माझ्या मते किल्ल्याइतकीच महत्त्वाची अशी या परिसरातील ही वास्तू आहे, कारण येथे केवळ लढाई नव्हे, तर नौकाबांधणीचे कसब दिसते.

गोदीकडे जाताना खाडीकाठची कांदळवने लागतात. श्वासमुळे चिखलातून वर आलेली, त्यांच्यामध्ये टुणटुण उड्या मारणारे निवटे मासे, आणि फांदीवर टपून बसलेला खंड्या, एवढे तर कोणालाही दिसेल. येथील झाडांत पांढरी चिप्पी असेल तर ती नीट पाहावी; २०२० मध्ये तिला महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष म्हणून घोषित करण्यात आले. चिखलात उतरू नये, कारण कोवळी रोपे पायाखाली सहज मरतात.

गिर्ये आणि धुळपांचा वाडा

गावातील धुळपांचा वाडा हे खासगी निवासस्थान आहे, त्यामुळे बाहेरून पाहावा आणि आत जायचे असल्यास घरच्यांची परवानगी घ्यावी.

गिर्ये येथील रामेश्वर मंदिर दोन-तीन किलोमीटरवर आहे. जांभ्याचा कातळ खोल कापून काढलेल्या वाटेने उतरत मंदिराशी जावे लागते आणि या वाटेमुळे वरून मंदिराचा पत्ताही लागत नाही. वाटेवर संभाजी आंग्रे यांची समाधी आहे. मंदिराचा सभामंडप लाकडी कोरीव कामाचा असून येथील मोठी घंटा पोर्तुगीज जहाजावरून आणलेली असल्याचे सांगितले जाते. दुपारी अकरा-बाराच्या उन्हातही येथे गारवा असतो, म्हणून हे ठिकाण दिवसाच्या या भागासाठी राखून ठेवावे. देवळाच्या आत छायाचित्रे घेण्यापूर्वी पुजाऱ्यांना विचारावे.

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात गेलेल्यांनी देवगड तालुक्यातील तांबळडेगच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्ले सोडली जात आहेत का, याची गावात किंवा वनविभागाकडे चौकशी करावी. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात वाळूत अंडी घालतात, ती संरक्षित जागेत ठेवली जातात आणि साधारण पन्नास-साठ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. पिल्ले समुद्राकडे जाताना फ्लॅश, टॉर्च आणि हात यांपैकी काहीही वापरू नये, आणि दोरीच्या पलीकडे जाऊ नये.

परतीचा मार्ग

परतताना वेळ असेल तर फोंडाघाट निवडावा. महामार्गावर येऊन नांदगाव, फोंडा, दाजीपूर, राधानगरी असा हा मार्ग राधानगरी अभयारण्याला लागून जातो. गव्यांसाठी १९५८ मध्ये राखलेले हे जंगल सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे आहे आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाला मिळालेल्या जागतिक वारसा दर्जात त्याचा समावेश आहे. अंधार पडण्यापूर्वी घाट चढून दाजीपूर ओलांडता यावे, यासाठी विजयदुर्ग सोडण्याची वेळ दुपारी दोनच्या पुढे जाऊ देऊ नये. संध्याकाळी रस्त्याकडेला गवा दिसल्यास दिवे मंद करून गाडी लांबच थांबवावी, हॉर्न वाजवू नये, काच खाली करू नये आणि छायाचित्र काढण्यासाठी उतरू नये. कळपातील शेवटचा गवा रस्ता ओलांडून झाडीत शिरल्यावरच गाडी पुढे घ्यावी. लहान वासरू मागे राहिले असेल तर त्याच्यासाठी मादी परत फिरू शकते.